ट्रेप्रोस्टिनिल : २०० युनिट की १५६? पल्मनरी हायपरटेन्शनच्या पंपवाल्या औषधाचं मेडिकेअर बिलिंग

रात्रपाळी_परसोडी
नमस्कार मंडळी. नागपुरात अमेरिकन बिलिंग करणारे बरेच आहेत, म्हणून इथंच विचारतो. स्पेशालिटी फार्मसीचा क्लेम आहे, मेडिकेअर (अमेरिकेचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) पार्ट बी, डीएमई मॅककडे (घरी वापरायच्या वैद्यकीय उपकरणांचे क्लेम बघणारी मेडिकेअरची कंत्राटदार कंपनी). पेशंटला पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसाच्या धमन्यांत वाढलेला रक्तदाब), म्हणून पंपानं त्वचेखालून दिल्या जाणाऱ्या ट्रेप्रोस्टिनिलवर. ऑर्डर : ४५ नॅनोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, वजन ८० किलो, व्हायल (औषधाची छोटी बाटली) ५ मिग्रॅ प्रति मिली, २० मिलीची. फार्मसीनं दर महिन्याला दोन व्हायल पाठवल्या, म्हणून या औषधाच्या बिलिंग कोडचे, जे३२८५ चे, २०० युनिट लावले. दोन महिने पैसे आले, तिसऱ्याला सीओ-१५१ कोडखाली नकार. शिवाय के०५५२ चे (पंपाच्या कार्ट्रिजचा कोड) १५ नग लावले होते, त्यावर कागदपत्रं मागितलीत.

टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतात डोसाच्या हिशोबानं १५६ च लावायचे, दुसरे म्हणतात पाठवलं तेवढं लावायचं. कोण बरोबर?

क्लेम_काकू
दोघंही अर्धे बरोबर. आधी गणित कागदावर मांडा, मग भांडा.

४५ × ८० = ३६०० नॅनोग्रॅम प्रति मिनिट. दिवसाची मिनिटं १४४०, म्हणजे ५१,८४,००० नॅनोग्रॅम, म्हणजेच ५.१८४ मिग्रॅ रोज. तीस दिवसांचे १५५.५२ मिग्रॅ. जे३२८५ चा एक युनिट म्हणजे १ मिग्रॅ, म्हणून डोसाप्रमाणे १५६.

पण फार्मसी १५६ मिग्रॅ पाठवूच शकत नाही, व्हायल १०० मिग्रॅची आहे. म्हणून पहिल्या महिन्यात दोन व्हायल, २०० युनिट, हे योग्यच. घोळ दुसऱ्या महिन्यानंतर सुरू होतो. पहिल्या महिनाअखेर पेशंटकडे ४४.४८ मिग्रॅ शिल्लक. दुसऱ्या महिन्याला नवीन लागतात १११.०४, म्हणजे पुन्हा दोन व्हायल. आता शिल्लक ८८.९६. तिसऱ्या महिन्याला नवीन लागतात फक्त ६६.५६, म्हणजे एकच व्हायल. तुम्ही दोन पाठवल्या.

हिशोब २-२-१ असा चालायला हवा होता. तीन महिन्यांत वापर ४६६.५६ मिग्रॅ आणि बिल ६०० चं. सीओ-१५१ चा अर्थच हा, की दिलेल्या माहितीतून एवढी संख्या सिद्ध होत नाही. मॅकचं चुकलं असं मला तरी दिसत नाही.

रात्रपाळी_परसोडी
काकू, पण उरलेलं औषध पेशंट पुढच्या महिन्यात वापरू शकतो का? फार्मसीचं म्हणणं, उघडलेली व्हायल टाकून द्यावी लागते.

फार्मसीवाला
टाकावी लागते, पण पहिल्यांदा सुई टोचल्यापासून ३० दिवसांनी. महिना संपला की टाका असा नियम नाही. तुमच्या केसमध्ये पहिली व्हायल १९ दिवसांच्या आसपास संपते. दुसरी विसाव्या दिवशी उघडते आणि साधारण ३८-३९ व्या दिवसापर्यंत पुरते. उघडल्यापासून १९ दिवस, मर्यादेच्या पुष्कळ आत. उरलेलं औषध बिनधास्त वापरण्याजोगं आहे आणि ऑडिटर नेमकं हेच विचारतो.

रेमोड्युलिन (ट्रेप्रोस्टिनिलचं ब्रँडनाव) आणि त्याची जेनेरिक व्हायल मल्टी-डोस आहे, म्हणजे एकीतून अनेकदा औषध काढता येतं, हेही ध्यानात ठेवा. १, २.५, ५ आणि १० मिग्रॅ प्रति मिली, सगळ्या २० मिलीच्या. म्हणजे एका व्हायलमध्ये २०, ५०, १०० किंवा २०० मिग्रॅ. मल्टी-डोस व्हायलमधून वाया गेलेल्या औषधाचे पैसे मेडिकेअर देत नाही. जेडब्ल्यू मॉडिफायर (औषध वाया गेलं, ही कोडला जोडायची खूण) इथं चालत नाही आणि जेझेडही (काही वाया गेलं नाही, ही खूण) लागत नाही.

आता के०५५२. हा कोड सिरिंजसारख्या निर्जंतुक कार्ट्रिजचा, एक नग म्हणजे एक युनिट. त्वचेखालच्या पंपात जलमिश्रण न करता औषध जातं आणि कार्ट्रिज जास्तीत जास्त ७२ तासांनी बदलायची. म्हणून बहुतेकांच्या डोक्यात "तीस दिवस, दहा कार्ट्रिज" हे पक्कं बसलेलं असतं. पण तुमच्या पंपाचा रेट काढा :

४५ × ८० × ०.००००६ ÷ ५ = ०.०४३२ मिली प्रति तास.

७२ तासांत ३.११ मिली. कार्ट्रिज ३ मिलीची! तिसरा दिवस संपायच्या आत ती रिकामी होणार, म्हणून दर दोन दिवसांनी बदलावी लागते. तीस दिवसांच्या १५ कार्ट्रिज बरोबर आहेत. हे रेटचं गणित, ऑर्डर आणि फार्मसिस्टची नोंद एवढं पाठवलं तर १५ टिकतील. "पेशंटला जास्त लागतात" एवढंच लिहिलं तर टिकणार नाहीत.

रात्रपाळी_परसोडी
मग १० मिग्रॅ प्रति मिलीची व्हायल दिली असती तर कार्ट्रिज वाचल्या असत्या ना?

फार्मसीवाला
कार्ट्रिज वाचतील, औषध वाया जाईल. रेट ०.०२१६ होतो, ७२ तासांत १.५६ मिली, दहा कार्ट्रिजमध्ये भागतं. पण व्हायल २०० मिग्रॅची आणि रोजचा वापर ५.१८४. तीस दिवसांत १५५.५२ काढले की उरलेले ४४ मिग्रॅ मुदत संपल्यामुळे फेकायचे. मल्टी-डोस, त्यामुळे त्या ४४ चं समर्थन मेडिकेअरपुढे करता येत नाही. कॉन्सन्ट्रेशन बदलणं हा डॉक्टर-फार्मसिस्टचा निर्णय, बिलिंगवाल्यांनी त्यात पडू नये. पण ते बदललं की जे३२८५ चे डोसावरचे युनिट तेच राहतात, एनडीसी (औषधाच्या पॅकचा ओळख क्रमांक) बदलतो आणि के०५५२ ची संख्या बदलते. सॉफ्टवेअरमध्ये मागच्या महिन्याचा क्लेम कॉपी करणाऱ्यांची विकेट इथंच पडते.

आणखी एक सापळा वजनाचा. या औषधात डोसिंग वेट ठरवून दिलेलं असतं आणि पेशंटचं वजन वरखाली झालं तरी बरेच डॉक्टर तेच कायम ठेवतात. ताज्या व्हिजिट नोटमध्ये ८६ किलो दिसलं म्हणून कोणी ८६ घेतलं तर महिन्याचे १६७ मिग्रॅ येतात. ऑर्डर ८० ची, बिल ८६ चं. वजन नेहमी ऑर्डरवरचं घ्या.

सावजी_कोडर
इपोप्रोस्टेनॉलवाले (याच आजाराचं, पंपानं शिरेतून द्यायचं औषध) पण ऐका बाप्पा, तिथं याहून मोठा खड्डा आहे. त्याच्या कोडचा, जे१३२५ चा, युनिट ०.५ मिग्रॅ आहे, १ नाही. ट्रेप्रोस्टिनिलची सवय झालेला माणूस मिग्रॅ टाकून मोकळा होते अन् अर्धे पैसे गमावून राहिला असते.

उदाहरण घ्या. २० नॅनोग्रॅम, ७० किलो. रोज २.०१६ मिग्रॅ. व्हायल येते ०.५ ची किंवा १.५ ची. दीड अन् अर्धा मिळून २.० होते, म्हणजे पुरत नाही, ट्यूबिंग भरायला लागते ते वेगळंच. मग व्हेलेट्रीच्या (इपोप्रोस्टेनॉलचा एक ब्रँड) १.५ च्या दोन व्हायल १०० मिलीत रोज. तीस दिवसांच्या ६० व्हायल, ९० मिग्रॅ, म्हणजे १८० युनिट. कोणी ९० लावते, कोणी डोसावरून १२१. दोन्ही चूक.

इथं व्हायल सिंगल-डोस आहे, म्हणून १ जुलै २०२३ पासून जेझेडचा विषय येते. घरी पेशंट स्वतः मिसळून घेते, फार्मसी फक्त पाठवते. पाठवणाऱ्यानं जेडब्ल्यू लावायचा नसते, जेझेड लावायचा. कॅसेटमध्ये उरलेलं पेशंटनं फेकलं म्हणून जेडब्ल्यूची वेगळी लाइन टाकणारे पाहिले की डोकं धरावं वाटते.

नवीन_भरती_२४
सर, मी सीपीसी (मेडिकल कोडिंगची परीक्षा) करतोय, मिहानमध्ये फ्रेशरला डीएमई बिलिंगमध्ये किती पगार मिळतो?

क्लेम_काकू
बाळा, त्यासाठी नोकरीच्या विभागात धागा आहे. इथं औषधाचं चालू दे.

एआरवाली_ताई
युनिटवर बरंच झालं. मोठ्या रकमेचे डिनायल (नाकारलेले क्लेम) मात्र सीओ-५० चे, म्हणजे वैद्यकीय गरज सिद्ध झाली नाही असे असतात, आणि तिथं गणिताचा काही उपयोग नाही. एलसीडी (मॅकचे मंजुरीचे नियम) एल३३७९४ उघडून ठेवा. पल्मनरी हायपरटेन्शनसाठी इपोप्रोस्टेनॉल किंवा ट्रेप्रोस्टिनिल मंजूर व्हायला फाइलमध्ये हे दिसलं पाहिजे :

आजार डाव्या बाजूच्या हृदयविकारामुळे किंवा फुप्फुसांच्या विकारामुळे झालेला नाही. इडिओपॅथिक आहे, किंवा कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज, फुप्फुसाच्या धमन्यांतल्या गुठळ्या, एचआयव्ही, सिरॉसिस, जन्मजात शंट वगैरेंशी जोडलेला आहे. मूळ आजारावर पूर्ण उपचार करूनही तो वाढला. मीन पल्मनरी आर्टरी प्रेशर (फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब, मिमी पाऱ्यात) विश्रांतीत २५ च्या वर, किंवा श्रमानंतर ३० च्या वर. श्रमानंतर तीव्र धाप, आणि सोबत थकवा, छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं यांपैकी काहीतरी. शेवटचं, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं) देऊन पाहिले आणि उपयोग झाला नाही, किंवा त्यांचा विचार करून ते बाजूला ठेवले.

हे शेवटचं वाक्य नोटमध्ये नसतं. डॉक्टरच्या दृष्टीनं ते इतकं उघड असतं, की ते लिहीत नाहीत. कॅथेटरायझेशनमध्ये (हृदयात नळी घालून दाब मोजताना) व्हॅसोरिअ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट (औषधानं धमन्या सैल होतात का ती तपासणी) निगेटिव्ह आली, म्हणून कॅल्शियम चॅनल ब्लॉकर दिले नाहीत, एवढं एक वाक्य पुरतं. पण ते डॉक्टरच्याच नोंदीत हवं. फार्मसीनं स्वतःच्या लेटरहेडवर लिहून चालत नाही.

डायग्नोसिस कोड : आय२७.० प्रायमरी, आय२७.२१ सेकंडरी आर्टेरिअल, आय२७.२४ जुनाट गुठळ्यांचा. आय२७.२२ डाव्या हृदयाचा आणि आय२७.२३ फुप्फुसविकाराचा. हे शेवटचे दोन लावले की तुम्हीच स्वतःच्या हातानं पहिली अट मोडली. आय२७.२१ सोबत मूळ आजाराचा कोडही द्यायचा, स्क्लेरोडर्मा असेल तर एम३४ मधला. आय२७.२० म्हणजे अनिर्दिष्ट. कॅथचा रिपोर्ट हातात असताना तो लावणं म्हणजे आळस.

रात्रपाळी_परसोडी
ताई, दुसऱ्या एका पेशंटचं मीन प्रेशर २३ आहे. कार्डिऑलॉजिस्टनं स्पष्ट पल्मनरी आर्टेरिअल हायपरटेन्शन लिहिलंय. मग?

एआरवाली_ताई
डॉक्टर चुकलेले नाहीत. २०२२ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनी व्याख्या २० च्या वर आणली. एलसीडीत मात्र २५ च आहे. निदान नव्या व्याख्येनं, पैसे जुन्या व्याख्येनं. श्रमानंतरचं प्रेशर मोजलेलं असेल आणि ते ३० च्या वर असेल तर अट पुरी होते, तो रिपोर्ट मागा. तेही नसेल तर क्लेम पाठवण्याआधी फार्मसीला सांगा. एबीएन (मेडिकेअर कदाचित पैसे देणार नाही, या सूचनेवर पेशंटची सही) घ्यायचा की नाही हे औषध पाठवण्याआधी ठरवावं लागतं, डिनायल आल्यावर घेतलेला एबीएन कागदाचा तुकडा.

आणि चेकलिस्टमधून डीआयएफ (उपकरणांच्या माहितीचा जुना फॉर्म) काढून टाका. १ जानेवारी २०२३ पासूनच्या तारखांना तो फॉर्म बंद झाला. जोडला तर क्लेम परत येतो. त्याच्या जागी स्टँडर्ड रिटन ऑर्डर आणि वैद्यकीय नोंदी. ऑर्डरवर पेशंटचं नाव किंवा एमबीआय (मेडिकेअर क्रमांक), ऑर्डरची तारीख, वस्तूचं वर्णन, प्रमाण, डॉक्टरचं नाव किंवा एनपीआय (डॉक्टरचा ओळख क्रमांक) आणि सही. डोस वाढवत नेणार असतील तर प्रत्येक टप्पा ऑर्डरमध्ये बसला पाहिजे.

सावजी_कोडर
पुरवठ्याचे कोड पण सांगून देतो. ए४२२१ दर आठवड्याला एक, त्यात ड्रेसिंग, सुया, कॅन्युला सगळं आलं. ए४२२२ दर कॅसेट किंवा बॅगमागे एक, शिरेतून देणाऱ्या पंपाला. त्यात डायल्युइंट (औषध मिसळायचं द्रव), ट्यूबिंग, औषध बनवण्याचा चार्ज, सगळं धरलेलं आहे. म्हणून इपोप्रोस्टेनॉलच्या डायल्युइंटचा एस०१५५ मेडिकेअरला पाठवू नका, मेडिकेअर एस कोड घेतच नाही. पंप के०४५५. लेबल म्हणते पेशंटजवळ बॅकअप पंप पाहिजेच, अन् ते खरंच आहे, इपोप्रोस्टेनॉल थांबलं तर मिनिटांचा खेळ असते. पण बॅकअपचे वेगळे पैसे मेडिकेअर देत नाही. तो फार्मसीच्या खिशातून.

डायल_टोन
मेडिकेअर सोडून कमर्शियल (खासगी विमा) असेल तर चित्र उलटं. तिथं एस९३४७ (घरच्या इन्फ्यूजन सेवेचा कोड) पर डीएम, म्हणजे दर दिवसाच्या हिशोबानं चालतो आणि त्यात फार्मसी सेवा, पुरवठा, उपकरणं सगळं येतं. औषध आणि नर्सची भेट वेगळी. एस९३४७ लावून वर के०४५५ आणि ए४२२२ लावले तर बंडलिंगमध्ये (आधीच्या कोडात धरलेले म्हणून) उडतात. काही पेयरना (विमा कंपन्यांना) मात्र के आणि ए कोडच हवे असतात, करार वाचल्याशिवाय लावू नका.

मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) असेल तर एनडीसीशिवाय पान हलत नाही. अकरा आकडी, ५-४-२ मध्ये. व्हायलवर दहा आकडी छापलेला असतो, शून्य कुठल्या भागात घालायचं ते आधी डॅश कुठं आहेत ते बघून ठरवा. ट्रेप्रोस्टिनिल द्रव आहे, म्हणून परिमाण एमएल : दोन व्हायल म्हणजे एमएल ४०, २०० नाही. इपोप्रोस्टेनॉल पावडरची व्हायल, म्हणून यूएन : साठ व्हायल म्हणजे यूएन ६०, आणि त्याच लाइनवर जे१३२५ चे १८० युनिट. दोन आकडे वेगळे दिसतात म्हणून "दुरुस्त" करणारे महाभाग प्रत्येक टीममध्ये असतात.

संत्रानगरी_ऑडिट
पेमेंट पोस्टिंगवाल्यांसाठी. जे३२८५ चा दर दर तिमाहीला बदलतो. २०१७ च्या आधी पंपाच्या औषधांना २००३ च्या एडब्ल्यूपीच्या (सरासरी घाऊक किंमत) ९५ टक्के मिळायचे, १ जानेवारी २०१७ पासून एएसपी (सरासरी विक्री किंमत) अधिक ६ टक्के. मार्च २०१९ मध्ये जेनेरिक ट्रेप्रोस्टिनिल आलं आणि कोड दोघांचा एकच. म्हणून जुन्या फी शेड्युलवरून "कमी पैसे आले" अशी ओरड करण्याआधी सेवेच्या तारखेची तिमाही बघा. अलाउड (मान्य रक्कम) १०० डॉलर असेल तर मेडिकेअरचे ८०, त्यातून सिक्वेस्ट्रेशनचे (सरकारी खर्चकपात) २ टक्के गेले की हातात ७८.४०. ते दीड-पावणेदोन डॉलर पेशंटला लावायचे नसतात.

नर्सच्या घरभेटीचा होम इन्फ्यूजन जी कोड डीएमई मॅककडे पाठवला की ओए-१०९ (चुकीच्या ठिकाणी पाठवलेला क्लेम) येतो. तो ए/बी मॅककडे (पार्ट ए आणि बी चे इतर क्लेम बघणारी कंत्राटदार) जातो, आणि तोही मान्यताप्राप्त होम इन्फ्यूजन पुरवठादाराकडूनच.

नवीन_भरती_२४
याच आजाराचं नवं औषध सोटाटरसेप्ट पण इंजेक्शनच आहे ना? त्याला पण के०४५५ लागेल का?

एआरवाली_ताई
हा प्रश्न चांगला विचारलास. नाही. विनरेव्हेअर (सोटाटरसेप्टचं ब्रँडनाव) मार्च २०२४ मध्ये मंजूर झालं, तीन आठवड्यांनी एकदा त्वचेखाली, पहिला डोस ०.३ आणि पुढे ०.७ मिग्रॅ प्रति किलो. पंपच नाही, म्हणून डीएमईचं कव्हर लागू नाही. घरी स्वतः घेत असेल तर ते फार्मसी बेनिफिटचं प्रकरण, क्लेमचं स्वरूपच वेगळं.

रात्रपाळी_परसोडी
सगळ्यांचे आभार. मग तिसऱ्या महिन्याच्या २०० वर अपील करू का? १२० दिवस आहेत ना?

क्लेम_काकू
रिडिटरमिनेशनला (अपीलची पहिली पायरी) १२० दिवस आहेत, पण आधी काय मागणार ते ठरवा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोस वाढवल्याची सही-तारखेची ऑर्डर फाइलमध्ये आहे का ते बघा. असेल तर वापर वाढतो आणि दुसरी व्हायल न्याय्य ठरू शकते, ती ऑर्डर आणि नवं गणित लावून अपील करा. नसेल तर २०० साठी भांडू नका. कागदावर टिकतो तो १०० चाच हिशोब. के०५५२ वर आलेली मागणी हे डिनायल नाही, तिला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, रेटच्या गणितासह.

टायपिंगची चूक असती तर रीओपनिंग (अपील न करता क्लेम उघडून दुरुस्ती) पुरलं असतं. आणि कधी सीओ-१६ (क्लेममध्ये माहिती अपुरी किंवा चुकीची) सोबत एमए१३० (क्लेम प्रक्रियेत घेताच आला नाही, हा शेरा) दिसला तर अपीलचा हक्कच नसतो, क्लेम दुरुस्त करून नव्यानं पाठवायचा.

फार्मसीवाला
पुढच्या महिन्यापासून रिफिलच्या फोनची नोंद नीट ठेवायला सांगा. फोन साठा संपायच्या ३० दिवसांहून आधी करायचा नाही, आणि माल साठा संपायच्या १० दिवसांहून आधी पोचवायचा नाही. नोंदीत "पेशंटला रिफिल हवंय" एवढं पुरत नाही. न उघडलेल्या व्हायल किती, उघडलेलीत अंदाजे किती मिली उरलं, ती कोणत्या तारखेला उघडली, कार्ट्रिज किती शिल्लक, सध्याचा पंपाचा रेट आणि डोस बदलला का, हे सहा आकडे-उत्तरं हवीत. ती असली की २-२-१ चा हिशोब आपोआप जुळतो.

रात्रपाळी_परसोडी
हे सहा मुद्दे फार्मसीला आजच मेल करतो. के०५५२ च्या कागदांची मुदत शुक्रवारी संपते, ते आधी पाठवतो. ऑर्डर तपासून दोन दिवसांत इथंच कळवतो.